मधुमेह आणि घरचे ताट : दोन वर्षांच्या वहीतील नोंदी

घाटमाथा (मूळ लेखन)

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, विम्यासाठी केलेल्या तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १६८ आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) ८.४ निघाली, म्हणजे मला मधुमेह होता. तोपर्यंत मला कोणताही त्रास नव्हता. वजन ६९ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, त्यामुळे मला कोणी लठ्ठ म्हटले नसते आणि मधुमेह हा जाड माणसांचा आजार आहे, अशीच माझी समजूत होती. डॉक्टरांनी टेप घेऊन कंबर मोजली, ती ९६ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषांसाठी ही मर्यादा ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

पुढे वाचताना पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम समजले. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय सडपातळ आणि पोट मात्र सुटलेले, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. वजनकाटा आपल्याला पुरेशी सूचना देत नाही, कंबरपट्टा देतो.

मला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू झाली आणि सोबत आहाराचा एक छापील कागद मिळाला. त्यात ओट्स, ब्राउन ब्रेड, ब्रोकोली आणि ऑलिव्ह तेल होते. आमच्या घरी ज्वारी, बाजरी, आमटी, भात, उसळ आणि हंगामात मिळेल ती भाजी शिजते. दोन आठवडे तो कागद फ्रिजवर चिकटवलेला राहिला आणि माझे जेवण होते तसेच राहिले. ज्याने कागद दिला त्याचा हेतू चांगलाच होता, पण त्या कागदाला आमच्या स्वयंपाकघराची ओळख नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते, कारण असे कागद घेऊन घरी जाणारे हजारो लोक असतील.

मग मी ग्लुकोमीटर घेतला, एक दोनशेपानी वही घेतली आणि रोज एका जेवणाची परीक्षा करायला सुरुवात केली. जेवायला बसण्यापूर्वी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा साखर पाहायची, शेजारी ताटात काय व किती होते ते लिहायचे, आणि पुढच्या वेळी ताटातील एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजायचे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाचा उपयोग झाला हे कळत नाही.

भाकरीपासूनच सांगतो. ज्वारीची भाकरी मधुमेहाला चालते, असे सर्वांकडून ऐकल्यामुळे मी निर्धास्तपणे दोन भाकऱ्या खात होतो. एके दिवशी पत्नीने पीठ मळण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. परातीतले पीठ, मग उंडा, मग तव्याच्या काठाला टेकेल अशी थापलेली भाकरी. एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ लागत होते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे दोन भाकऱ्यांतून मी १२० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके घेत होतो, आणि त्यावर भात वेगळा. ज्वारीत पांढऱ्या तांदळाच्या जवळजवळ चौपट तंतू आहेत, हे खरेच आहे, पण तंतू अधिक आहेत म्हणून प्रमाण मोजायचेच नाही, असे होत नाही.

वहीतील नोंदी अशा आहेत. दोन मोठ्या भाकऱ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर आमटी आणि भात : जेवणापूर्वी १३२, दोन तासांनी २४१. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी, मोठी वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, दह्यातली काकडीची कोशिंबीर, भात नाही : जेवणापूर्वी १२८, दोन तासांनी १६३. हेच दुसरे जेवण, पण उठल्यावर पंधरा मिनिटे चालणे : १३० वरून १४२. न्याहारीला बशीभर कांदेपोहे : १२६ वरून २१९. त्याऐवजी मुगाची दोन धिरडी आणि ताक : १२४ वरून १५१. हे आकडे माझे आहेत. तुमच्या शरीरात तेच अन्न वेगळे आकडे दाखवील, आणि म्हणूनच मी येथे आहाराचा तक्ता देत नसून मोजण्याची रीत सांगतो आहे.

चालण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मला सर्वांत मोठा फायदा त्याचाच झाला. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातील ग्लुकोज ओढून घेतो आणि त्या ओढून घेण्यासाठी त्याला इन्सुलिनची, म्हणजे एरवी साखर पेशींत नेणाऱ्या संप्रेरकाची, वाट पाहावी लागत नाही. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप दोन मधुमेह (सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) असलेल्या ४१ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसातून कधीही ३० मिनिटे चालण्यापेक्षा तीन मुख्य जेवणांनंतर प्रत्येकी १० मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्या आजोबा-पणजोबांची शतपावली हीच. फक्त ती शंभर पावलांवर न थांबवता हजार पावलांपर्यंत न्यायची आहे. माझे वडील रात्री जेवून उठले की अंगणात हात मागे बांधून फेऱ्या घालायचे, त्याचे कारण मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी समजले.

चहाचे सांगायचे राहिले. चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे रोज ३५ ते ४० ग्रॅम साखर केवळ चहातून. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो आणि दोन महिन्यांत बिनसाखरेच्या चहाची सवय झाली.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी ६.८ झाले, चौदा महिन्यांनी ६.२. वजन ६२ किलो, कंबर ८७ सेंटिमीटर. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची मात्रा निम्मी केली आहे. आजार गेला, असे मी म्हणत नाही. आपल्या घरचे अन्न मोजून आपण काय शिकलात, ते येथे लिहावे, अशी विनंती आहे.

मांडवी

लेख अत्यंत उपयुक्त आहे. मी गोव्याची आहे आणि आमच्याकडे हा विषय प्रत्येक घराचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तेव्हा देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे १० कोटींहून अधिक माणसे, असे दिसले आणि राज्यांत गोवा २६.४ टक्क्यांसह सर्वांत वर होता. दर चार प्रौढांमागे एक. ते वाचून माझ्या आईला आश्चर्य वाटले नाही, कारण आमच्या वाड्यावर ज्यांच्या घरी गोळ्यांचा डबा नाही असे घर तिला आठवेना.

भात सोडा, असे सांगितल्यावर आईने जेवणच सोडल्यासारखे केले होते. शीत (भात) आणि हुमण (माशांची आमटी) यांशिवाय तिला जेवल्यासारखे वाटत नाही. म्हणून आम्ही भात काढला नाही, त्याची जागा बदलली. आधी तांबडी भाजी, मग मासळी, आणि त्यानंतर एक वाटी उकड्या तांदळाचा भात. पूर्वी ताटाच्या मध्यभागी भाताचा डोंगर आणि कडेला इतर पदार्थ असायचे. तंतू आणि प्रथिने आधी पोटात गेली की जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि साखर सावकाश चढते, असे आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले होते. तिच्या दोन तासांनंतरच्या साखरेत फरक पडला. आधी ती दोनशेच्या पुढे असायची, आता बहुतेक वेळा १६० ते १७० च्या दरम्यान असते. भातही तीन वाट्यांवरून एका वाटीवर आला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, त्यामुळे सर्व श्रेय क्रमाला देता येणार नाही.

आमची खरी अडचण पावाची होती. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ दारात येतो आणि संध्याकाळच्या चहाबरोबरचा पाव हे जेवण आहे असे कोणी धरतच नाही. वहीत लिहायला लागल्यावर तो दिसू लागला.

वैद्यकमित्र

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. घाटमाथा यांनी सांगितलेली रीत मी रुग्णांना नेहमी सुचवतो, आणि ती इतक्या निगुतीने कोणी पाळली हे वाचून फार समाधान झाले. मात्र हा धागा वाचून कोणी उद्यापासून भाकरी निम्मी करणार असेल, तर त्याआधी आपण कोणती गोळी घेतो हे पाहणे अत्यावश्यक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर आहार कमी केल्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरणे क्वचितच घडते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ही औषधे तुम्ही जेवलात की नाही याची चौकशी न करता काम करत राहतात. जेवण निम्मे आणि औषध पूर्ण, अशी स्थिती झाली की साखर ७० च्या खाली जाते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, तरीही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. तिसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा. त्या चालू असताना कर्बोदके जवळजवळ बंद केली किंवा कडक उपवास केला, तर रक्तात किटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळते तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून गंभीर स्थिती ओढवू शकते आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्यामुळे धोका लवकर ओळखूही येत नाही.

दुसरे, एचबीएवनसी हा आकडा तांबड्या पेशींवरून काढला जातो आणि त्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, म्हणून तो दोन ते तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पण लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आपल्याकडे स्त्रियांमध्ये ही कमतरता इतकी सर्रास आढळते की हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय केवळ ६.६ या एका आकड्यावर मी कोणाला मधुमेही ठरवत नाही. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांनी, त्यातही शाकाहारी असणाऱ्यांनी, बी १२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. ते कमी झाले तर पायांना मुंग्या येतात आणि ते मधुमेहामुळेच आहे असे समजून वर्षे जातात.

चालण्यापूर्वी पाय पाहा. ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना टोचलेला खडा जाणवत नाही. आषाढीच्या वारीत माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालणारे माझे काही रुग्ण आहेत. त्यांना मी वारी सोडू नका असेच सांगतो, पण अनवाणी चालू नका, रोज मुक्कामी पोहोचल्यावर तळवे आरशात पाहा किंवा सोबत्याला दाखवा, हेही निक्षून सांगतो. डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी वर्षातून एकदा करावी, साखर कितीही छान असली तरी.

अबोली

डॉक्टरसाहेब, आपण लिहिलेले आमच्या घरी घडून गेले आहे. सासूबाई चातुर्मासातील एकादश्या, सोमवार आणि चतुर्थी असे सर्व उपवास करतात. उपवासाच्या दिवशी दुपारपर्यंत काही न खाता त्यांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, आणि ती गोळी ग्लिमेपिराइडची आहे याचा आमच्यापैकी कोणी विचार केला नाही. चार वाजता त्या देवघरापाशी बसल्या होत्या. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण मला ओळखल्यासारखे केले नाही. पदर घामाने ओला झाला होता. मोजली तर साखर ५८. साखरेचे पाणी घोट घोट पाजले, पंधरा मिनिटांनी ९२ झाली, आणि तेव्हा त्या पहिले वाक्य बोलल्या ते म्हणजे “उपास मोडला का गं?” ते आठवले की अजून पोटात कालवते. त्यांच्या डॉक्टरांनी नंतर ती गोळी बदलली आणि उपवासाच्या दिवसासाठी औषधाच्या वेळा वेगळ्या लिहून दिल्या. हे आम्ही आधीच विचारायला हवे होते.

दुसऱ्या बाजूने साबुदाणा. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने नाहीत आणि तंतूही नाहीत. बशीभर खिचडीनंतर सासूबाईंची साखर २६० च्या पुढे जायची. आम्ही वरीच्या तांदळावर गेलो, तर त्याचाही भात वाडगाभर खाल्ल्यावर फार फरक दिसला नाही. शेवटी जे जमले ते असे : अर्धी वाटी वरीचा भात, शेंगदाण्याची दाट आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, आणि संध्याकाळी राजगिऱ्याचे छोटे थालीपीठ दह्याबरोबर. उपवास मोडत नाही आणि साखर १८० च्या आत राहते. त्यांची श्रद्धा हा आमच्या दृष्टीने अडथळा नाही. उपवासाला जे चालते त्यातूनच निवड करायची आहे, असे म्हटल्यावर त्या स्वतः पदार्थ सुचवू लागल्या.

तळजाई

मूळ लेखाबद्दल आदर ठेवून एक वेगळे मत मांडतो. घाटमाथा यांना सात किलो कमी करणे पुरेसे झाले, कारण त्यांचे वजनच मुळात ६९ होते. माझे ९४ होते. माझ्यासारख्याने एकेका पदार्थाची वही लिहीत बसण्यापेक्षा आजाराचे निदान होताच पहिल्या दोन-तीन वर्षांत वजन झपाट्याने उतरवणे अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात, ज्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि ज्यांना इन्सुलिन सुरू नव्हते, अशा ३०६ जणांना घेतले होते. निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० किलोकॅलरीच्या द्रव आहारावर ठेवले आणि मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणले. वर्षअखेरीस त्यांच्यातील ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते, दुसऱ्या गटात फक्त ४ टक्के. पंधरा किलो किंवा अधिक वजन कमी करणाऱ्यांत तर हे प्रमाण ८६ टक्के होते. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर त्याचे कारण असे देतात की यकृत आणि स्वादुपिंड यांत साठलेली चरबी उतरली की इन्सुलिन स्रवण्याचे काम पुन्हा सुरळीत होऊ लागते.

मी द्रव आहार घेतला नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज १२०० किलोकॅलरीच्या आसपास, भाज्या, पनीर, अंडी आणि डाळी यांवर पाच महिने राहिलो आणि ७७ किलोवर आलो. गेले दीड वर्ष औषध नाही आणि एचबीएवनसी ५.७ ते ५.९ आहे. जे शक्य आहे ते लोकांना स्पष्टपणे सांगितले जात नाही, मधुमेह म्हणजे जन्मभराच्या गोळ्या असे पहिल्याच भेटीत सांगून टाकले जाते, याची मला खंत वाटते.

घाटमाथा

तळजाई, आपले अभिनंदन. आपला मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा होता. वजन जास्त असणाऱ्याने, आजार नवा असताना, हा मार्ग डॉक्टरांशी बोलून अवश्य तपासावा. एक गोष्ट मात्र जोडतो. त्याच अभ्यासात दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मधुमेहमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ४६ वरून सुमारे ३६ टक्क्यांवर आले होते, कारण वजन परत चढते. वजन उतरवण्याचे महिने पाच असतात आणि ते टिकवण्याची वर्षे तीस. त्या तीस वर्षांत घरातले सर्वजण जे जेवतात त्याच ताटावर आपल्याला बसायचे आहे, म्हणून त्या ताटाची ओळख करून घेणे आपल्यालाही उपयोगी पडेल.

आणि ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही, पण तपासणीत तो उंबरठ्यावर आहे असे दिसते, त्यांच्यासाठी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूचे काम फार महत्त्वाचे आहे. २००६ मध्ये त्यांनी ५३१ भारतीयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे तीन वर्षांत, काहीच न केलेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहार आणि चालणे यांत बदल केलेल्या गटात ३९.३ टक्क्यांना. मेटफॉर्मिन दिलेल्या गटातही जवळपास तेवढाच, ४०.५ टक्के. म्हणजे आपल्या लोकांत ताट आणि चालणे यांचे वजन गोळीइतकेच भरले. त्याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर, बदल करूनही दहांपैकी चौघांना मधुमेह झालाच. त्यांचा प्रयत्न कमी पडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. जनुके आणि आईच्या पोटात असतानाचे पोषण यांचाही त्यात वाटा असतो.

रातपाळी

मी चाकणला एका कारखान्यात कामाला आहे आणि पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात माझी साखर हमखास चढते. दोन वाजता कॅन्टीनमध्ये भात, वरण आणि बटाटा मिळतो, सकाळी साडेसातला घरी येऊन चहा-बिस्किटे खाऊन झोपतो. उपाशीपोटीची साखर अशा आठवड्यात कधी मोजायची, हेच मला कळत नाही. जेवणानंतर चालायला सुट्टीची वेळ फक्त अर्धा तास असते.

वैद्यकमित्र

दिवसाच्या ज्या वेळी आपली सर्वांत मोठी झोप पूर्ण होते, त्यानंतर काही खाण्यापूर्वी मोजावे. शेवटचे खाल्ल्यापासूनचे अंतर किमान आठ तासांचे असले की ती उपाशीपोटीचीच साखर होय. रात्री शरीर अन्न हाताळायला दिवसाइतके सज्ज नसते, त्यामुळे तोच भात दुपारी जितकी साखर वाढवतो त्यापेक्षा रात्री दोनला अधिक वाढवतो. शक्य असेल तर मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी आठच्या सुमारास घ्या, आणि दोन वाजता घरून नेलेली उसळ, उकडलेली अंडी किंवा दही-भाजी यांवर भागवा. झोपण्यापूर्वीची बिस्किटे मात्र थांबवाच. झोप सहा तासांच्या खाली गेली की इन्सुलिनचा परिणामही घटतो, म्हणून खोलीत अंधार करून, फोन दूर ठेवून सलग झोपणे हा तुमच्या उपचाराचाच भाग समजा.

मिनेसोटाकर

आमच्याकडे जानेवारीत तापमान उणे वीसपर्यंत जाते आणि शतपावलीसाठी घराबाहेर पडता येत नाही. जेवणानंतर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, दहा वेळा, थोडे थांबून पुन्हा दहा वेळा, असे मी सुरू केले. मांडीचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी आहेत, त्यामुळे ग्लुकोज खर्च होण्याला तेथे जागा मिळते. आता खुर्ची सोडून बैठकांवर आलो आहे. लहानपणी तालमीत वस्ताद जे करून घेत असत, तेच पन्नाशीत कामी आले.

सोनचाफा

माझा प्रश्न माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. वय ३४, वजन ५२ किलो. चार महिन्यांपूर्वी एचबीएवनसी १०.२ निघाले. तेव्हापासून त्याने गोड पूर्ण बंद केले, भात बंद केला, रोज सहा किलोमीटर चालतो, दोन गोळ्याही घेतो. तरीही साखर तीनशेच्या आसपास आहे आणि वजन आणखी पाच किलो कमी झाले. सर्वजण त्याला सांगतात की तू पथ्य नीट पाळत नसशील. तो आता घरच्यांसमोर जेवायलाही बसत नाही.

वैद्यकमित्र

ताई, कृपया हे उद्यावर टाकू नका. सडपातळ तरुण माणसाचे वजन आपोआप घटत असेल आणि गोळ्या व पथ्य असूनही साखर तीनशे असेल, तर हा टाइप दोन मधुमेह नसण्याची शक्यता मोठी आहे. मोठ्या वयातही टाइप एक मधुमेह होतो आणि कधीकधी तो सावकाश उलगडत जातो. त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्याला सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते सांगणारी) आणि जीएडी प्रतिपिंडे (प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटली आहे का ते सांगणारी) या रक्तचाचण्यांबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगा आणि लघवीतील किटोन आजच पाहून घ्या. किटोन असतील, उलट्या होत असतील, पोटात दुखत असेल किंवा श्वास जोरात चालत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या. अशा मधुमेहात इन्सुलिन हाच उपचार आहे, आणि तो सुरू असताना आहार-व्यायाम त्याच्या जोडीला येतात. चालणे वाढवून आणि जेवण तोडून त्याचे नुकसानच होईल. आणि कृपया घरातल्यांना सांगा की त्याची काहीही चूक नाही.

अबोली

सोनचाफाताई, भाऊ कसा आहे ते जरूर कळवा.

मध्यंतरी एक विचारायचे होते. सासूबाईंची रात्री झोपताना साखर १३५ असते आणि काही न खाता सकाळी १६० होते. त्या म्हणतात, यंत्र बिघडले.

घाटमाथा

माझ्याही वहीत हे पानोपानी आहे. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक वाढते, त्याच्या सांगण्यावरून यकृत साठ्यातले ग्लुकोज रक्तात सोडते. निरोगी माणसात इन्सुलिन ते लगेच सावरून घेते, आपल्यात ते उशिरा सावरते. मला रात्रीचे जेवण साडेनऊवरून साडेसातला आणल्यावर आणि नंतर चालल्यावर सकाळचा आकडा पंधरा-वीसने उतरला. परंतु त्यांची गोळी बदलली आहे, म्हणून एक-दोन रात्री तीन वाजता मोजून पाहा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा. रात्री साखर उतरत तर नाही ना, ते त्यातून कळेल.

सोनचाफा

वैद्यकमित्र, आपले आभार कसे मानावेत हे कळत नाही. त्याच रात्री किटोन तपासले, ते बरेच जास्त होते. पाच दिवस रुग्णालयात होता. जीएडी चाचणी सकारात्मक आली आणि इन्सुलिन सुरू झाले. काल घरी आला. आज दुपारी त्याने आमच्याबरोबर बसून एक पोळी, डाळ, भेंडीची भाजी आणि अर्धी वाटी भात खाल्ला. आईने वही आणून ठेवली आहे. जेवणापूर्वी १४८ आणि दोन तासांनी १७२, एवढ्या दोन नोंदी पहिल्या पानावर झाल्या आहेत.

घाटमाथा

फार बरे वाटले. त्या दोन आकड्यांशेजारी इन्सुलिनचे युनिट आणि टोचल्याची वेळही लिहायला सांगा. त्याच्या बाबतीत ताटाइतकीच ती नोंद डॉक्टरांना लागेल. आणि पोळी एकदा काट्यावर ठेवून पाहा.